फुली

"कलेचं शिक्षण कुठं झालं?" असं कुणी विचारलं की मी बरीच वर्षं "नागपूरला" असं सांगायचो. ते खोटं होतं. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत मी एकदाच गेलो होतो, एका मित्राला सोडायला. आत पाऊल टाकलेलं नाही. माझं शिक्षण बुलडाणा जिल्ह्यातच झालं, एका तालुक्याच्या गावी, पत्र्याच्या तीन खोल्यांत. शेजारी सरकीचं गोदाम होतं. एप्रिलमध्ये पत्रे तापले की बशीतला पोस्टर कलर कागदावर जायच्या आधीच वाळायचा, आणि दारं उघडी टाकली की कापसाचे तंतू ओल्या चित्रावर येऊन बसायचे. त्या कॉलेजचं नाव इथं लिहीत नाही. इथं ज्या चुका सांगणार आहे त्यातली एकही त्या कॉलेजची नाही, आणि नाव आलं की वाचणारा आधी तिकडं बोट दाखवतो.

मी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षांना 'ए' मिळवला होता. कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखनाच्या पेपरला माझी अक्षरं पाहून पर्यवेक्षक टेबलाजवळ थांबून राहिले, हे मी पुढं कित्येकांना सांगितलं. डोक्यात एकच नाव होतं, जे.जे. पण चिखलीजवळची आमची पाच एकर कोरडवाहू, दोन बहिणी लग्नाच्या, आणि मुंबईत राहायचा खर्च. वडील म्हणाले, "इथंच एटीडी कर. ड्रॉइंग मास्तर होशीन. घरचा डबा जाईन एसटीनं." त्यांचं गणित बरोबर होतं. एटीडी म्हणजे कलाशिक्षकाची पदविका. ती झाली की शाळेत चिकटता यायचं. डबा एसटीनं खरंच यायचा. कंडक्टर तो स्टँडवरच्या पानटपरीवर ठेवायचा, आणि मी तो घ्यायला मुद्दाम उशिरा जायचो, कुणी पाहू नये म्हणून.

आता अशा शिक्षणाला चांगलं नाव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं गेल्या दशकात 'कम्युनिटी कॉलेज'ची योजना आणली: गावाजवळ, कमी खर्चात, हाताला काम देणारं शिक्षण. आमचं ते कॉलेज नेमकं हेच होतं. फक्त तेव्हा त्याला हे नाव नव्हतं, आणि मला तर तिथं असण्याचीच लाज होती.

लाज असली की माणूस कामचुकारपणालाही बंडखोरी समजतो. लोणारची गोष्ट त्यातलीच. आउटडोअर स्केचिंगला सरांनी सगळ्यांना लोणारला जायला सांगितलं होतं. सकाळी दैत्यसूदनाच्या देवळातली शिल्पं काढायची, दुपारी विवरात उतरून सरोवराचं निसर्गचित्र. मी मेहकरला एसटीतून उतरलो आणि सिनेमाला जाऊन बसलो. रात्री खोलीवर येऊन एका कॅलेंडरवरचा तलाव समोर ठेवला आणि काठावर झाडी वगैरे घालून लोणार तयार केलं. पाणी निळंशार. सोमवारी चित्रं भिंतीला लागली. अकरा चित्रांत पाणी हिरवट, शेवाळी, एकाचं तर जवळजवळ मातकट. बारावं माझं.

सर त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "लोणारचं पाणी निळं तू कधी पाह्यलं?"

खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात वाढणाऱ्या शेवाळामुळं ते हिरवं दिसतं, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मी म्हणालो, "सर, संध्याकाळच्या प्रकाशात दिसलं तसं." सरांनी मान हलवली, पुढच्या चित्राकडं गेले. २०२० च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झालं, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं झाल्याचं सांगितलं, तेव्हा मला पहिली आठवण त्या चित्राची झाली. हिरवं झालं, गुलाबी झालं. माझा निळा काही त्या सरोवराला अजून चढलेला नाही.

सरांकडे एक जाड रजिस्टर होतं, कापड बाजारातल्या पेढीवर असतं तसं लाल पुठ्ठ्याचं. त्यात ते वर्तमानपत्रांतली नाटकांच्या जाहिरातींमधली नावं कापून चिकटवायचे. मुंबईचे पेपर आमच्याकडं शिळे यायचे, त्यातून. कमल शेडगे यांनी काढलेली अक्षरं त्यात पानोपान होती. नाटकाचं नाव वाचायच्या आधीच ते नाटक हसवणार की रडवणार हे अक्षर सांगतं, असं सर म्हणायचे, आणि शेजारी पेन्सिलीनं बारीक टिपा लिहायचे: वेलांटी इथं का वळली, शिरोरेघ इथं का तोडली. सुलेखनकार र. कृ. जोशींचं नावही मी पहिल्यांदा त्याच खोलीत ऐकलं. जे.जे.मध्ये नव्हे, सरकीच्या गोदामाशेजारी. मला तेव्हा ते रजिस्टर म्हणजे रद्दी वाटली. ज्यांना मुंबईला जाता येत नाही ते पेपर कापत बसतात, असा माझा शेरा होता. मित्रांमध्ये मी तो मोठ्यानं मारलाही. तो सरांच्या कानावर गेला असणार. त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

आमच्यातला एक जण जळगाव जामोदकडचा होता. अक्षय्य तृतीयेला तो आम्हाला भेंडवळला घेऊन गेला, घटमांडणी पाहायला. शेतात घट आखलेला. गोलाकार अठरा धान्यं मांडलेली, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडई, कुरडई, भजी, वडा. पुरी म्हणजे पृथ्वी. पानविडा म्हणजे राजा. रात्रभर तिथं कुणी फिरकायचं नाही आणि पहाटे कुठलं धान्य हललं, काय सरकलं, ते पाहून पाऊसपाण्याचं नि पिकाचं भाकीत सांगायचं. मी तिथं उभा राहून हसलो. उंदीर, मुंग्या, वारा वगैरे बोललो. भाकिताबद्दल माझं मत आजही फारसं वेगळं नाही. पण त्या पहाटे माझ्या डोळ्यांदेखत शेकडो माणसं, त्यांतली निम्मी तरी निरक्षर असतील, एक आकृती न अडखळता वाचत होती. अक्षर एकही नाही. कुठली वस्तू कशाच्या जागी आहे हे म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. मी दृश्यसंवादाचा विद्यार्थी, आणि मला तिथं फक्त उंदीर दिसले.

आता मुख्य चूक.

वार्षिक प्रदर्शनासाठी पोस्टर करायचं होतं, विषय आपापला. मी कपाशीवरची फवारणी घेतली. विषय घरचा होता. मावशीकडं मेहकर तालुक्यात कपाशी होती आणि सुट्टीत मी तिथं पाणी भरून द्यायला असायचो. पुरुष पाठीवर पंप लावून फवारा मारतात. ड्रमात पाणी आणणं, औषध कालवणं, पंप भरून देणं हे बहुतेक बायांच्याच वाट्याला येतं. औषध. किडे मारायच्या विषाला आमच्याकडं औषधच म्हणतात. या एका शब्दावर मी तेव्हा थांबलो असतो तरी पुढचं टळलं असतं.

अर्धा इम्पिरियल कार्ट्रिज कागद, चार चौकटी. पहिलीत डबा आणि त्यावरचा रंगीत त्रिकोण. कीटकनाशकाच्या डब्यावर कायद्यानं हा त्रिकोण असतो: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्या मानानं सौम्य. दुसरी चौकट ड्रमात औषध कालवणाऱ्या बाईची. तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि त्यावर लाल भडक फुली. म्हणजे असं करू नका. तिसरीत वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारणारा माणूस, त्यावरही फुली. चौथीत काम झाल्यावर साबणानं हात धुणं. त्यावर फुली नाही. बाईच्या हाताच्या शिरा, पाण्याचे तरंग, कांकणाची चमक, सगळं मी चार रात्री जागून काढलं होतं. एवढा सुंदर हात मी पुन्हा काढलेला नाही.

सरांनी पोस्टर पाहिलं. एवढंच विचारलं, "ज्याच्यासाठी काढलं त्याला दाखवलं का?"

"हो सर. मावशीला दाखवलं. तिला लगेच कळलं."

मावशीनं तोवर ते पाहिलंही नव्हतं. गावी जायला एसटीचं तिकीट आणि एक रविवार लागला असता. तो रविवार मी अक्षरांना दुसरा हात देण्यात घालवला होता. पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. प्रदर्शनात एक कृषी केंद्रवाले आले होते. त्यांना लाल त्रिकोण फार आवडला. "ठसठशीत आहे, लांबून दिसते," म्हणाले. तीनशे रुपये दिले आणि स्क्रीन प्रिंटिंगवर शंभर प्रती काढून घेतल्या. तालुक्यातल्या दुकानांत, काही गावांच्या पारावर लावल्या. माझं नाव खाली उजव्या कोपऱ्यात, लपेटीदार सहीत.

भादव्यात मी मावशीकडं गेलो तर पोस्टर तिच्या गोठ्याच्या भिंतीवर होतं. भाच्याचं चित्र म्हणून दुकानातून मागून आणलेलं, चारी कोपऱ्यांना खिळे मारलेलं. त्याच्या खाली ड्रम. आणि ड्रमात मावशी हातानं औषध कालवत होती. कोपरापर्यंत.

मी ओरडलोच. "अवं मावशी, हातानं नाही! भिंतीवर पाय ना, काय काढलं हाये!"

तिनं हात बाहेर न काढता वर पाहिलं. "तेच तं करून राह्यली. आधी तुऱ्हाटीनं कालवत होती. तूच तं इथं फुली मारून ठेवली."

"फुली म्हणजे करू नको!"

"कायले? मत देतानी फुलीचा शिक्का कुठी मारतेत? जो पायजे त्याच्यावर. दर इलेक्शनले सांगतेत, फुली मारा, फुली मारा." मग चौथ्या चौकटीकडं बोट करून म्हणाली, "हे हात धुयाचं तेवढं नको म्हन्तलं तुनं. म्या म्हन्तलं, साबन वाचला."

तिचे हात मनगटापासून लाल झाले होते, बोटांच्या बेचक्यांत कातडी सुटली होती. खाज सुटते, म्हणाली, रात्री खोबरेल लावते. लाल त्रिकोणाचं विचारलं तर तेही सरळ होतं: लाल म्हणजे पावरफुल. कृषी केंद्रात माणसं डबा फिरवून लाल आहे का पाहूनच घ्यायची. ज्याला मी धोक्याची खूण समजत होतो ती तिथं दर्जाची खूण होती. मी जहाल विषाची जाहिरात केली होती आणि खाली सही ठोकली होती.

शाळेत गेलेल्यासाठी फुली म्हणजे चूक. मास्तर लाल पेनानं मारतात ती. मावशी शाळेत गेलीच नव्हती. तिची फुलीशी ओळख मतपत्रिकेवर झालेली, आणि तिथं फुलीचा अर्थ 'हे हवं' असा होता. ती चुकली नव्हती. तिनं माझं चित्र अगदी काळजीपूर्वक, चौकट चौकट वाचलं होतं. तेवढ्या काळजीनं ते बक्षीस देणाऱ्यांनीही वाचलं नसेल.

इथपर्यंतची चूक कुणीही माफ करील. एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं, हौस, अडाणीपणा. पुढचं माफ करण्यासारखं नाही. मी मावशीच्या भिंतीवरचं पोस्टर काढलं, चुरगाळलं, चुलीत घातलं. बाकीच्या नव्याण्णवांचं काय? कृषी केंद्रात जाऊन सांगायला हवं होतं की हे उतरवा. तीनशे रुपये परत मागतील म्हणून गेलो नाही. त्यातून मी रोट्रिंगचा पेनसेट घेऊन बसलो होतो. सरांना सांगायला हवं होतं. बक्षीस जाईल आणि खोटं उघडं पडेल म्हणून सांगितलं नाही. एटीडीच्या पाठांसाठी ज्या शाळेत जायचो, तिच्या वाटेवरच्या एका पारावर त्यातली एक प्रत दोन वर्षं मला दिसत राहिली. ऊन-पावसानं आधी लाल रंग उडाला. म्हणजे फुली गेली, आणि ड्रमातला तो सुंदर हात तेवढा राहिला. आधी निदान शिकलेल्याला तरी कळत होतं.

पुढची वर्षं भराभर सांगतो, त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. नोकरी लगेच लागली नाही. रंगाचे डबे घेऊन भिंती रंगवल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं घातली, मग डीटीपी, मग फ्लेक्स. कॉम्प्युटरला मी बरीच वर्षं 'बटनं दाबायची कला' म्हणत होतो. हाताची कामं बंद पडली तेव्हा मुकाट्यानं कर्ज काढून तोच घेतला. सुरुवातीला फ्लेक्स छापायला अकोल्याला फाइल पाठवावी लागायची. फाइल पाठवण्याआधी अक्षरं 'कर्व्ह' करायची असतात, नाहीतर तिकडच्या मशिनवर आपला फॉन्ट नसेल तर जोडाक्षरांची वाट लागते. एकदा मी घाईत कर्व्ह न करताच फाइल पाठवली. सकाळी चौकात वीस फुटी फलक लागला: 'हादिर्क अभिनंदन'. रफार एक अक्षर पुढं सरकलेला. अख्खं गाव हसलं. गिऱ्हाईक दुकानात आलं तेव्हा मी माझ्याकडं काम शिकणाऱ्या पोराकडं बोट दाखवलं. "याच्या हातून झालं." पोरगा माझ्याकडं बघत राहिला, बोलला काहीच नाही. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. त्याचा पंधरा दिवसांचा पगार माझ्याकडं होता, तो मी दोन महिन्यांनी त्याच्या घरी नेऊन दिला. पैसे त्याच्या आईनं घेतले. तो घरात होता. बाहेर आला नाही.

मग एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो, वडिलांनी सांगितलं होतं तसा. सर वारले तेव्हा त्यांच्या मुलानं ते लाल रजिस्टर मला आणून दिलं. "बाबांनी तुमचं नाव घालून ठेवलं होतं," म्हणाला. मी ते रद्दी म्हटलेलं त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते आता विचारायला कुणी नाही. आत एका पानावर, नाटकाच्या नावांच्या मधोमध, आमच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेचा तुकडा चिकटवलेला आहे. माझ्या पोस्टरचं नाव, 'प्रथम पारितोषिक', आणि शेजारी पेन्सिलीनं एक छोटं प्रश्नचिन्ह. दुसरी टीप नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. रोज पेपरात यायचं. कारणं बरीच होती, त्यात माझ्या पोस्टरचा काही संबंध नव्हता. ते केव्हाच मातीत गेलं होतं. तरी मी एका रविवारी कार्ट्रिज कागद काढला आणि तेच चित्र पुन्हा काढायला बसलो. या वेळी फुली नाही. ड्रमात हात नाही, तुऱ्हाटी. बाईच्या हातात मोजे, नाकाला रुमाल. त्रिकोण काढलाच नाही. डब्यावर सापाचा फणा काढला. शिरा, तरंग, कांकण, काही नाही. जाड रेघ. बघताना कंटाळा यावा इतकं साधं.

आणि गेलो मावशीकडं. आता ती ऐंशीच्या घरात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. शेत मुलं करतात. ओट्यावर बसली होती. मी कागद तिच्या पुढ्यात धरला आणि काही न सांगता थांबलो. ते सगळ्यांत अवघड होतं. समजावून सांगायला जीभ सारखी पुढं यायची. तिनं कागद उन्हात धरला, जवळ घेतला, लांब नेला. प्रत्येक चौकटीवर बोट ठेवलं. साप पाहून म्हणाली, "हे जहर हाये." मोजे पाहून म्हणाली, "हे कोन देईन बाईले?" मी वहीत लिहून घेतलं.

मग परत पहिल्या चौकटीवर आली आणि थांबली.

"काय व?" मी विचारलं.

"बाकी बरं हाये. पन या बाईच्या पायात कायी नायी. औषध सांडलं तं?"

मी पाहिलं. सगळ्या चौकटींतली बाई अनवाणी होती. पेन्सिल मोटारसायकलच्या डिक्कीत होती, ती आणायला उठलो.